दीड इंच

सुतारताई नव्या डांबरावर पालथी पडली होती. उजवा गाल रस्त्याला टेकलेला, डावा डोळा मिटलेला, आणि हातातली लोखंडी फूटपट्टी कवाडाखाली सारायचा खटाटोप चाललेला. पट्टी जात नव्हती. कवाड भिंतीपासून वीतभर सुटलं होतं आणि तिथेच डांबराच्या कडेला अडून बसलं होतं. मागून चौघे अजून रेटा लावत होते.

"ढकलू नका रे! खालचा लोखंडी पट्टा उचकटेल." ती पडल्या पडल्याच ओरडली. "डोकं घरी ठेवून आलात काय सगळे?"

चौघांनी हात काढले. ती उठून बसली, गालाला चिकटलेली बारीक खडी झटकली आणि पट्टीवर अंगठा ठेवून ती मास्तरांपुढे धरली.

"दीड इंच," ती म्हणाली. "दोन्हीकडे."

मास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण आळीचे कागद आणि आळीची भांडणं अजून त्यांच्याकडेच असत. त्यांनी पट्टी पाहिली, मग वेशीच्या कमानीतून बाहेर पाहिलं. सकाळचे साडेआठ झाले होते.

"संध्याकाळपर्यंत लागला नाही तर?"

"तर काय, तुम्हालाच तोंडपाठ आहे ते."

आळीतल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ होतं. शहराची तटबंदी जुनी, वेशीचा हा दरवाजा त्याहून थोडा कमी जुना. फार पूर्वी शहराला त्या दरवाजाचा कंटाळा आला होता. देखभाल परवडेना, पाडणंही जड जाई, तेव्हा नगरपालिकेने तो तटाला पाठ लावून राहणाऱ्या बेचाळीस घरांच्या गळ्यात मारला होता. दरवाजा तुमचा, तटालगतची जमिनीची पट्टीही तुमची. पण वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत दोन्ही कवाडं पूर्ण लागली पाहिजेत आणि अडसर बसला पाहिजे. ज्या वर्षी लागणार नाहीत, त्या वर्षी सगळं परत नगरपालिकेचं. इतकी वर्षं तो नुसता सोपस्कार होता. एखादा कारकून यायचा, चहा प्यायचा, दरवाजा नावापुरता तपासून सही ठोकून जायचा. यंदा मात्र रस्ता रुंद करायचा होता. दरवाजा दगड मोजून दुसरीकडे नेऊन उभा करू, असं नगरपालिका म्हणत होती. बेचाळीस घरं मोजून कुठे उभी करणार, ते कुणी म्हणत नव्हतं. आणि बरोबर बारा दिवसांपूर्वी वेशीतून डांबराचा नवा थर गेला होता.

सुतारताई खुंटाशी जाऊन उकिडवी बसली. दोन्ही कवाडं खालच्या टोकाला लोखंडी खुंटावर उभी होती आणि तो खुंट दगडातल्या उखळीत फिरायचा. रस्ता चढला की उखळीत पितळेची एक चकती टाकायची, म्हणजे कवाड चकतीभर उचललं जायचं. तिच्या पणजोबांनी एक टाकली होती. आजोबांनी दोन. वडिलांनी तीन, आणि शेवटची टाकताना हिने स्वतः कवाडाखाली पहार धरली होती. घराण्यात ही मोठी हुशारी मानली जायची. वडील तर पाहुण्यांना उखळीपाशी नेऊन चकत्या दाखवायचे.

तिने मान वर करून पाहिलं. कवाडाचं डोकं आणि वरची दगडी तुळई यांच्यात एक पोस्टकार्ड जाईल इतकीच फट उरली होती. सातव्या चकतीला जागा नव्हती.

तिला एकदम वडिलांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग यावा हे तिला बरं वाटलं नाही, पण आला. इतक्या पिढ्यांत एकानेही रस्त्यावाल्यांना विचारलं नव्हतं, की बाबांनो, तुमचा थर आधीचा खरवडून टाका ना. दर वेळी आपणच उठून उभं राहायचं, आणि वर त्याची फुशारकी मारायची.

"साहेब आले," कोणीतरी म्हणालं, आणि साहेब या शब्दावर थोडं हसूही फुटलं.

साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी कायम तोंडात खिळे धरून वडिलांच्या मागे फिरायचा म्हणून आळीने त्याला खिळ्या नाव ठेवलं होतं. आता तो नगरपालिकेच्या रस्ते खात्यात होता आणि राहायला नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत गेला होता. यंदा साक्षीदार म्हणून खात्याने नेमकं त्यालाच पाठवलं होतं. पांढरा शर्ट, बगलेत फाइल, मागे एक हवालदार. हवालदार वेशीच्या सावलीत येताच टोपी काढून घाम पुसायला लागला.

भावाने कवाड पाहिलं. बहिणीकडे पाहायचं त्याने जरा लांबवलं.

"अडलं वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं कसलं? अडलंय. थर किती टाकायला सांगितला होतास?"

"दीड इंच. सगळ्या शहरात दीडच इंच आहे, ताई. काही तुझ्या दरवाजासाठी वेगळा नाही."

"आणि वर जागा किती होती?"

 त्याची नजर आपसूक तुळईकडे गेली, थेट त्या फटीवर, जी नवख्या माणसाला बोट दाखवूनही सापडली नसती. सुतारताईने ते पाहिलं. आणखी दीड इंचाने दरवाजा अडेल हे बाहेरच्या कुणाला हेरताच आलं नसतं. दरवाजा कुठे संपतो हे शहरात दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोघंही एकाच ताटात जेवून वाढली होती.

"हे बघ," तो आवाज उतरवून म्हणाला, "भांडायचं कशाला? खालून दीड इंच कापून टाक. दुपारपर्यंत होईल. कवाडं लागतील, मी सही करतो, विषय संपला. मी एवढं करतोय ते काय कमी आहे?"

"कापून टाक?"

"हो."

"खाली पट्टा आहे."

"थोडा वर घे."

"खिळ्या, तो पट्टा कशाला आहे?" ती आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "सांग यांना. बाबांनी तुला दहादा सांगितलंय. पट्टा तळाला असतो म्हणून नऊच्या नऊ फळ्या एका जागी धरून राहतात. पट्टा काढून तळ कापला की आज दरवाजा लागेल. दोन पावसाळ्यांत फळ्या सुटून पंख्यासारख्या पसरतील. मग पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी तू येशील, असाच पांढरा शर्ट घालून, आणि म्हणशील, अरेरे."

भावाने फाइल या बगलेतून त्या बगलेत घेतली.  त्याला सुचलेलं उत्तर आळीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"मग काय करणार आहेस?"

सुतारताईने पदर खोचला, भिंतीला टेकवलेली पहार उचलली, कवाडाच्या पुढ्यात दोन पावलं गेली आणि नव्या कोऱ्या डांबरात ती खाडकन घातली.

कमानीत आवाज घुमला. पहार जेमतेम बोटभर रुतली, पण हवालदार दचकून सावलीतून बाहेर आला.

"ओ बाई! सरकारी रस्ता आहे तो. फोडता येणार नाही. साहेब, हे काय चाललंय?"

"मास्तर, कागद आणा," सुतारताई म्हणाली. पहार तिने सोडली नाही.

कागद मास्तरांच्या पिशवीतच होता. दर वर्षी या दिवशी ते तो स्वतः वाचून दाखवत आणि आळी कंटाळून उभी राहत असे. मास्तरांनी चष्मा चढवला, घसा साफ केला.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तो वाचेल."

"तो? अगं, तो तर त्यांच्या बाजूचा..."

"म्हणूनच. हवालदारसाहेबांना तुमचं माझं खरं वाटणार नाही. त्यांच्या साहेबाच्या तोंडून ऐकू दे."

मास्तरांनी कागद नाइलाजाने पुढे केला. भावाने तो घेतला. चार ठिकाणी कापडाने चिकटवलेला, घड्यांवर तपकिरी झालेला कागद. त्याने खिशातून चष्मा काढला आणि ऑफिसात वाचतात तशा सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. दरवाजा कुणाचा, पट्टी कुठून कुठपर्यंत, देखभाल कुणी करायची. ठरलेल्या दिवशी दोन्ही कवाडं पूर्ण लागावीत, अडसर बसावा, साक्षीदाराने खात्री करून सही करावी. न लागल्यास सर्व हक्क नगरपालिकेकडे परत. तो थांबला.

"एवढंच आहे," तो म्हणाला आणि कागदाची घडी घालू लागला.

आळीत माना एकमेकांकडे वळल्या. वाक्य गळलं होतं आणि ते कुठे गळलं हे तिथल्या शाळकरी पोरांनाही कळलं होतं. मास्तरांचे ओठ ते म्हणायला पुढे आलेही होते. आळीतल्या इस्त्रीवालीने तर "अय्या, आणि ते..." असं सुरूच केलं. सुतारताईने हात वर करून तिला थांबवलं.

ती भावाच्या जवळ गेली. ओरडली नाही. आजच्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"बाबांनी तुला वाचायला कशावर शिकवलं रे?"

तो कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिला.

"घरात पुस्तक नव्हतं म्हणून मास्तरांकडून हा कागद मागून आणायचे. तू सहा वर्षांचा होतास. मांडीवर बसून एकेका शब्दावर बोट ठेवायचास. मला कधी शिकवलं नाही त्यांनी, मला फक्त रंधा शिकवला. मी तुझ्या तोंडून ऐकून पाठ केलाय हा कागद. पुन्हा वाच."

"ताई..."

"पुन्हा वाच. बोट ठेवून वाच हवं तर."

त्याने चष्मा पुसला. मग घडी उलगडली आणि पहिल्यापासून वाचलं, या खेपेला जरा सावकाश. पट्टीच्या पुढे, अडसराच्या आधी ते वाक्य आलं, तेव्हा त्याने ते गिळलं नाही.

"कवाडं फिरतात तेवढी जमीन, त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत, आळीची समजावी; तीवर आळीने कवाडं लागण्यासाठी जे करणं भाग पडेल ते करावं, त्यास कोणी हरकत घेऊ नये."

"मग?" हवालदाराने विचारलं. त्याला वाक्य कळलं होतं, फक्त ते कळलं असं कबूल करायची जबाबदारी त्याला नको होती. "फोडू द्यायचं का नाही, साहेब?"

भावाने चष्मा काढून खिशात ठेवला.

"कागदात आहे ते आहे," तो म्हणाला.

त्यापुढचा दिवस आळीने रस्त्यावर काढला. सुतारताईने खुंटापासून दोरी ताणून, दुसऱ्या टोकाला खडू बांधून, दोन्ही कवाडांच्या फिरण्याचे दोन भले मोठे पाव-गोल आखले. "या रेषेच्या बाहेर एक टवकाही उडता कामा नये," तिने बजावलं. "बाहेरचं त्यांचं. आतलं आपलं. आपल्याला त्यांचं काही नको." आठ-दहा पहारी, छिन्न्या, दोन कुदळी, बाकी घमेली. पहिल्या तासाभरात कळलं की हे असं भागणार नाही. कमानीत ऊन येत नव्हतं. डांबर गार आणि चिवट होतं आणि पहार त्यावरून उडत होती. बारा वाजेपर्यंत चटईएवढा तुकडा निघाला.

मास्तरांनी त्रैराशिक मांडलं आणि उत्तर रात्री साडेनऊचं आलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा लपवायला शिकलेला नव्हता.

तेव्हा इस्त्रीवाली उठली. ही बाई बोलायला लागली की थांबत नसे, आणि आज तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं होतं. ती घरी गेली आणि येताना दोन्ही हातांत कोळशाच्या दोन जडशीळ इस्त्र्या घेऊन आली, आतले निखारे लाल झालेले.

"सरका," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोकांचे शर्ट सरळ केले. आज रस्त्याला इस्त्री मारते."

लोक हसले, पण तिने इस्त्री खरंच डांबरावर टेकवली आणि तिथेच दाबून धरली. दोन मिनिटांत वास सुटला, मग डांबराला चकाकी आली, मग सुतारताईने तिथे फावडं घातलं तेव्हा अख्खं पोळीएवढं कातडं सोलून निघालं. त्यावर जो आरडाओरडा झाला तो ऐकून पलीकडच्या चौकातले लोक बघायला आले. मग काय, घराघरांतून शेगड्या निघाल्या, पत्रे निघाले, पत्र्यांवर निखारे पसरले. कवाडांना धग लागू नये म्हणून ओली पोती बांधली. हवालदार सावलीत बसून होता. तीनच्या सुमाराला तोही "अहो, इकडे कोपऱ्यात राहिलंय" असं बोटाने दाखवायला लागला.

भाऊ मात्र एका जागी उभा होता. आळीतून कुणी त्याला पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने घेतलं नसतं. एकदा सुतारताईच्या हातातून छिन्नी निसटून त्याच्या बुटापाशी घरंगळत गेली. त्याने ती उचलली, धारेवरून अंगठा फिरवला आणि धार आपल्याकडे, मूठ तिच्याकडे अशी परत केली.

"बोथट झालीय," तो म्हणाला.

"माहितीय," ती म्हणाली.

पावणेसहाला खालचा जुना थर सगळीकडे उघडा झाला. सुतारताई पुन्हा पालथी पडली, पट्टी सरकवली, उठली आणि म्हणाली, "आता हळू."

दोन्ही कवाडं एकाच वेळी निघाली. खुंट उखळीत करकरला. डावं कवाड एकदा अडलं. तिने खाली वाकून एक खडा बोटाने उकरून काढला. मग दोन्ही कडा एकमेकींना भेटल्या आणि कमानीत अंधारून आलं. आळीला आपल्याच वेशीत आपलाच श्वास मोठा वाटायला लागला. सहा जणांनी अडसर उचलून दोन्ही भिंतींतल्या भोकांमध्ये बसवला.

साक्षीदाराने खात्री करायची ती बाहेरून, हा नियम. भाऊ दिंडीतून, म्हणजे उजव्या कवाडातल्या त्या छोट्या दारातून, वाकून बाहेर गेला. आतून दिंडीचीही कडी लागली. बाहेर रस्ता रुंद करायला आलेली माणसं चुन्याच्या खुणा करून दुपारपासून ताटकळत बसली होती. साक्षीदाराने तीन वेळा दरवाजा ढकलायचा, आणि तो हलला नाही तर दोन्हीकडे ऐकू जाईल असं 'लागला' म्हणायचं. आजवरच्या कारकुनांनी तळहात टेकवून तीनदा थोपटलं होतं, घोड्याला थोपटावं तसं.

पहिला धक्का आला आणि दिंडीची कडी खणखणली. हा तळहात नव्हता. खांदा होता.

"अगं बाई," इस्त्रीवाली म्हणाली, "हा तर खरंच ढकलतोय."

दुसरा धक्का आला तेव्हा वरच्या फटीतून धूळ सांडली. मास्तर पुढे झाले. "हे काय? मेला खात्याच्या मिठाला जागतोय की काय? सुतारताई, चारजण लावू का आतून?"

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "ढकलू दे त्याला."

"आणि सरकलं तर?"

"तर सरकलं. उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीचा दरवाजा होता म्हणून भावाने लटकं ढकललं."

तिसरा धक्का सगळ्यांत मोठा होता. तो लांबून पळत आला असावा. अडसर दगडात घुमला. कवाडं केसभर हलली नाहीत. सगळे 'लागला' ऐकायला थांबले.

ते आलं नाही. चौथा धक्का आला.

मास्तरांनी चार बोटं वर केली आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. नियम तीनचा होता. सुतारताई कवाडाला कान लावून उभी होती. पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं, अगदी लाकडाला तोंड टेकवून.

"झालं?" तिने लाकडाला विचारलं.

 मग पलीकडून आवाज आला, बसलेला.

"लागला."

"मोठ्याने म्हण. तुझ्या माणसांना ऐकू गेलं नाही."

"लागला!" तो ओरडला. त्या ओरडण्यात राग होता, दम लागला होता, आणखीही काही होतं. पण आवाज इतका मोठा होता की बाहेर चुन्याची पिशवी घेऊन बसलेली माणसं उठून उभी राहिली असणार. "दरवाजा लागलाय! मी स्वतः ढकलून पाहिलाय! लिहून घ्या!"

आतमध्ये आळी नाचायला लागली. कुणीतरी अडसराकडे धावलं. दिंडीच्या कडीलाही कुणीतरी हात घातला. साहेब बाहेर राहिलेत, सही व्हायचीय.

"थांबा," सुतारताई म्हणाली.

सूर्य मावळायला अजून काही मिनिटं होती आणि तोवर ही जमीन आळीची होती. ती कवाडाला पाठ लावून, उघड्या पडलेल्या जुन्या रस्त्यावर खाली बसली. पलीकडे, तेवढ्याच उंचीवर, कुणीतरी तसंच टेकून बसल्याचं लाकडातून जाणवलं. तिने अडसर काढायची घाई केली नाही.